उजेड आणि फोटो

फोटो काढायला काय लागते? सगळे म्हणतील, कॅमेरा. पण नुसता कॅमेरा असून भागत नाही. उजेड लागतो. काळोख्या खोलीत फोटो काढला तर तो काळाच येतो. फोटोग्राफी हा शब्द ग्रीक भाषेतील दोन शब्दांपासून झाला आहे. त्याचा अर्थ उजेडाने लिहिणे. मराठीत आपण छायाचित्र म्हणतो. छाया म्हणजे सावली. म्हणजे फोटोला उजेडही हवा आणि सावलीही हवी.

उजेड कोणत्या बाजूने येतो, त्यावरून फोटोतला चेहरा हसरा, उदास किंवा भीतिदायक वाटतो. हे पाहण्यासाठी आम्ही वर्गात एक प्रयोग केला.

साहित्य : पोळ्याचा मातीचा बैल, बॅटरी, पांढरा कागद, गुरुजींचा मोबाईल.

कृती : दारे-खिडक्या लावून घेतल्या. बैल टेबलावर ठेवला. बैल जागचा हलवला नाही, फक्त बॅटरी हलवली. दर वेळी गुरुजींनी एक फोटो काढला.

निरीक्षण :
१) समोरून उजेड – बैल सगळा दिसला, पण पाटीवर काढल्यासारखा चपटा दिसला.
२) एका बाजूने उजेड – एक बाजू उजळ, दुसरी काळी. वशिंड आणि शिंगे उठून दिसली. बैल जोरदार वाटला.
३) खालून उजेड – शिंगांची सावली पार वर आढ्यापर्यंत गेली. बैल भेसूर दिसला. बघायला आलेली दुसरीची मुले ओरडलीच. सूर्याचा उजेड वरून येतो, त्याची आपल्याला सवय असते. म्हणून खालचा उजेड विचित्र वाटतो.
४) मागून उजेड – नुसता काळा आकार दिसला. डोळे दिसले नाहीत.
५) एका बाजूने बॅटरी, दुसऱ्या बाजूला पांढरा कागद – कागदावरून उजेड परत बैलावर आला. काळी बाजू थोडी उजळली. बैल गरीब वाटला.

निष्कर्ष : बैल तोच, पण उजेड बदलला की त्याचा स्वभाव बदलल्यासारखा वाटतो.

सूर्य ही आपली सर्वांत मोठी बॅटरी. सकाळी आणि संध्याकाळी तो खाली असतो. तेव्हा ऊन तिरपे आणि पिवळसर असते, फोटो मायेचा येतो. दुपारी ऊन डोक्यावर असते. तेव्हा भुवयांची सावली डोळ्यांवर पडते. आभाळ आले की ढग सगळीकडे उजेड पसरवतात. मग सावली मऊ पडते.

सिनेमावाले हेच करतात. सत्यजित राय यांचा 'अपराजितो' हा बंगाली चित्रपट १९५६ साली आला. त्यात काशीच्या एका घराचा चौक आहे. तो चौक स्टुडिओत उभारला होता. तिथे आभाळ कुठून आणणार? सुब्रत मित्र हे त्याचे छायाचित्रकार. त्यांनी चौकावर पांढरे कापड ताणले आणि दिव्यांचा उजेड त्या कापडावर सोडला. कापडावरून परत आलेला उजेड खऱ्या आभाळाच्या उजेडासारखा मऊ पडला. आमच्या पांढऱ्या कागदासारखेच झाले!

आमच्या घरात पणजोबांचा एकच फोटो आहे. तो शेतात भर दुपारी काढलेला आहे. पटका दिसतो, मिशा दिसतात, पण डोळ्यांच्या जागी नुसती सावली. तो पाहून आम्हां मुलांना ते फार रागीट वाटायचे. आज्जी म्हणते, "मामंजींचं डोळं लई मायाळू हुतं. ह्यात रागावल्यागत दिसत्यात." बैलाचा प्रयोग केल्यावर मला कळले. पणजोबा रागावलेले नव्हते. ऊन डोक्यावर होते. पण आता तो फोटो पुन्हा काढता येणार नाही.

म्हणून पालकांना विनंती. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा एक चांगला फोटो काढून ठेवा. त्यांना दुपारी उन्हात उभे करू नका. सकाळी दाराच्या आत, उजेडाकडे तोंड करून बसवा. अंधाऱ्या बाजूला पांढरे धोतर किंवा चादर धरा. डोळे दिसतात का, ते आधी बघा. मगच फोटो काढा.

सांगा पाहू : दाराकडे पाठ करून बसलेल्या माणसाचा फोटो काळा का येतो?

– इयत्ता ४ थी