तट्टाचे केस : किती राखावे, किती कापावे

नागपूरचे कवी राजा बढे यांचे गीत १९ फेब्रुवारी २०२३ पासून महाराष्ट्राचे राज्यगीत झाले आणि शाळाशाळांतून ते गायिले जाऊ लागले. त्या गीतात भीमथडीच्या तट्टांचा उल्लेख आहे. चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांतील विद्यार्थ्याच्या ओळखीची जनावरे म्हणजे बैल, हल्या आणि शेळी. तट्टू त्याला भेटते ते बहुधा लग्नाच्या वरातीत, जरीची झूल व गोंडे यांनी झाकलेले. तेव्हा तट्टू म्हणजे काय, हा प्रश्न त्याने शिक्षकांना विचारला तर त्यात नवल नाही.

तट्टू म्हणजे लहान चणीचा देशी घोडा. जमिनीपासून खांद्याच्या उंचवट्यापर्यंत सुमारे १४७ सेंटीमीटरपेक्षा ज्याची उंची कमी, त्यास सामान्यतः तट्टू म्हणावे असा जगभर संकेत आहे. भीमेच्या थडीवरील, म्हणजे काठावरील, मुलखात पोसले गेलेले तट्टू हे मराठ्यांच्या घोडदळाचे बळ होते. घोडदळे गेली, पागा ओस पडल्या. परंतु रानोमाळ हिंडणाऱ्या धनगर मेंढपाळांनी हे जनावर आपल्या बिऱ्हाडाबरोबर सांभाळले. त्याच्या पाठीवर भांडीकुंडी, पाल आणि वाटेत जन्मलेली कोकरे लादून त्यांचे वाडे आजही स्थलांतर करतात. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने २०२३ साली भीमथडी ही घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंदविली. मारवाडी, काठियावाडी, मणिपुरी, स्पिती, झंस्कारी, भुतिया आणि कच्छी-सिंधी यांच्यानंतरची ही आठवी जात होय.

जातीची नोंद झाली तरी जनावराची निगा ज्याच्या त्याच्या हातीच राहते. या निगेत सर्वांत अधिक गैरसमज केसांविषयी आढळतात. वरातीसाठी तट्टू ठेवणारे पुष्कळ लोक त्यास 'साफसूफ' करण्याच्या हौसेने आयाळ कातरतात, शेपटी आखूड करतात आणि ओठांवरील मिशा वस्तऱ्याने काढून टाकतात. दिसावयास जनावर नीटनेटके दिसते. परंतु जंगलपट्ट्यातील पावसाळ्यात त्याचे साधनच त्याच्यापासून हिरावून घेतलेले असते.

केस का वाढतात, केव्हा गळतात

थंडी पडली म्हणून घोड्याचे केस वाढतात ही समजूत अर्धीच खरी आहे. दिवसाची लांबी कमी होऊ लागली की डोळ्यांवाटे ती सूचना मेंदूकडे जाते आणि थंडी येण्यापूर्वीच अंगावर दाट केस येऊ लागतात. मकरसंक्रांतीच्या सुमारास दिवस वाढू लागलेला असतो. त्याबरोबर जुने केस सुटू लागतात व माघ-फाल्गुनात हाताने चोळले तरी त्यांचे पुंजके निघतात. हिमाचलातील स्पिती किंवा लडाखमधील झंस्कारी तट्टू हिवाळ्यात अस्वलासारखे केसाळ दिसते, कारण तेथे थंडीही कडक आणि दिवसांच्या लांबीतील फरकही मोठा. चंद्रपूर हे वीस अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास वसलेले असल्यामुळे येथील तट्टाचा हिवाळी कोट त्या मानाने बेताचाच असतो.

म्हणूनच निरोगी तट्टाचे सर्वांग कातरण्याची या भागात सहसा गरज पडत नाही. निसर्ग जे केस सोडीत असतो, ते खराऱ्याने उतरवून घ्यावेत एवढेच काम. घाम गाळून काम करणाऱ्या एखाद्या जनावराचे केस हिवाळ्यात फारच दाट राहिले आणि घाम वाळेनासा झाला, तर मानेचा खालचा भाग व छाती एवढीच कातरावी. पाठ व पुठ्ठे राखावेत आणि रात्री झूल घालावी. वैशाखातील चंद्रपूरचे ऊन पंचेचाळीस अंशांच्या पुढे जाते. अशा उन्हात केस पार काढलेली पाठ भाजून निघते. उन्हाळ्यातील आखूड केस सावलीचे काम करतात आणि घामही अडवीत नाहीत.

मात्र एका गोष्टीकडे बारकाईने लक्ष द्यावे. चैत्र-वैशाख आला तरी ज्या वयस्क तट्टाचे लांब, कुरळे केस गळतच नाहीत, ज्यास तहान व लघवी फार होते, ज्याची पाठ खोल गेलेली दिसते, ते जनावर बहुधा आजारी असते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीच्या बिघाडाने हे होते व पंधरा वर्षांपुढील घोड्यांत ते अधिक आढळते. अशा जनावराचे खूर सुजून ते लंगडे होण्याचाही धोका असतो. कातरकामाने त्यास तात्पुरता आराम पडेल. परंतु त्यास पशुवैद्यकाकडे नेणे आवश्यक आहे. धन्याच्या आळसामुळे तट्टू झिपरे राहिले, असा शेजाऱ्यापाजाऱ्यांचा निष्कर्ष येथे चुकीचा ठरतो.

खरारा

खरारा हा शब्द साधनासही लावतात आणि क्रियेसही. लोखंडी दात्यांचा खरारा मान, खांदे, पाठ व पुठ्ठे अशा मांसल भागांवरच गोल गोल फिरवावा. तोंड, गुडघे व पायांच्या नळ्या येथे कातडीखाली लगेच हाड असते; तेथे काथ्याचा मऊ ब्रश अथवा वाळल्या गवताचा पिळलेला बोळा वापरावा. खराऱ्याने वर आलेली धूळ व सुटे केस नंतर ब्रशने केसांच्या दिशेने झाडून घ्यावेत. जनावराच्या डाव्या बाजूने कामास आरंभ करावा, एक हात सतत त्याच्या अंगावर ठेवावा आणि सरळ मागे कधीही उभे राहू नये. जुने मोतद्दार बोलत बोलत खरारा करीत, त्याचे कारणही हेच : माणूस कोठे आहे ते जनावरास कळत राहते.

रोजच्या अर्ध्या तासाच्या या कामात हात सर्वांगावरून फिरतो, आणि डोळ्यांना न दिसणारे हातास लागते. कानामागील गोचीड, पोटाखालील सूज, खोगिराखाली उठू पाहणारा फोड ही सर्व प्रथम बोटांनाच कळतात. पाठीवर केसांच्या गाठी व घामाची खपली राहिली आणि त्यावरच ओझे लादले, तर दोन दिवसांत जखम होते. घोड्यास धनुर्वात फार लवकर होतो, हे ध्यानी घेता लहानशी जखमही हलकी मानू नये.

पावसाळ्याच्या अखेरीस पुढील पायांच्या व खांद्याच्या केसांना खसखशीपेक्षाही लहान, फिकट पिवळे ठिपके चिकटलेले दिसतात. ती एका माशीची अंडी होत. तट्टू पाय चाटते, त्याबरोबर अळ्या तोंडावाटे जठरात जाऊन महिनोन् महिने तेथे चिकटून राहतात. बोथट सुरीने ही अंडी खरवडून काढता येतात. कोमट पाण्याच्या फडक्यानेही पुसावे. हे खरवडणे गोठ्यापासून दूर करावे.

साबणाने वारंवार धुणे मात्र टाळावे. केसांच्या मुळाशी असलेला तेलकटपणा हाच तट्टाचा पावसाळी कांबळा आहे. तो धुऊन निघाला की पाणी कातडीपर्यंत मुरते आणि पाठीवर खपल्या धरून केसांचे झुबके निघू लागतात. सततच्या झडीत जनावर कोरड्या जागी बांधून गवताच्या बोळ्याने पुसणे हे स्नानापेक्षा श्रेयस्कर.

आयाळ, शेपटी आणि मिशा

गडचिरोलीच्या रानात चरून आलेल्या जनावराच्या आयाळीत व शेपटीत गोखरू आणि गवताची कुसळे अडकून केसांचे गोळे होतात. ते कात्रीने छाटून टाकण्याचा मोह होतो. त्याऐवजी जवसाचे थोडे तेल गाठीवर चोळावे, बोटांनी केस मोकळे करावेत आणि मग फणी शेंड्याकडून सुरू करून हळूहळू मुळाकडे न्यावी. कुसळ कातडीत शिरले असल्यास तेथे पिकते. म्हणून गाठ सोडविल्यावर खालची त्वचा पाहावी. आयाळ कापावयाची झाली तर कानांमागे, जेथे मोरकीचा पट्टा बसतो तेथे, दोन-तीन बोटे रुंदीची जागा मोकळी करावी. कपाळावरील झुलूप डोळ्यांवर बसणाऱ्या माश्या उडविते, ते राखावे.

शेपटीचा प्रश्न याहून गंभीर आहे. श्रावण ते आश्विन या काळात ओलसर जंगलात घोडमाश्या फार होतात. रक्त पिताना त्या एका जनावराच्या अंगातील सर्रा रोगाचे सूक्ष्म जंतू दुसऱ्याच्या अंगात सोडतात. मधूनमधून येणारा ताप, रक्तक्षय, पोटाखाली व पायांवर सूज आणि झपाट्याने होणारी क्षीणता ही या रोगाची लक्षणे. वेळीच उपचार न झाल्यास घोडा दगावतो. माशीस अंगावर बसू न देण्याचे तट्टाजवळ एकच हत्यार आहे, ते म्हणजे त्याची लांब शेपटी. शेंडा चिखलात लोळत असेल तर तेवढाच सरळ कापावा. मागील पायाच्या मधल्या सांध्याच्या वर कात्री जाऊ नये. दिवेलागणीस गोठ्यात कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करण्याची रीतही चालू ठेवण्याजोगी आहे.

घोट्यामागील केसांबाबत मत द्विधा होऊ शकते. या केसांवरून पाणी निथळून खाली पडते हे खरे. तथापि तेथे चिखल साठून भेगा पडल्या असतील, तर केस आखूड करून जागा कोरडी ठेवणेच बरे. एरवी त्यांस हात लावू नये.

ओठांवरील आणि डोळ्यांभोवतालच्या लांब मिशा कोणत्याही कारणाने कापू नयेत. घोड्यास आपल्या तोंडाच्या अगदी पुढची वस्तू दिसत नाही. तोबऱ्यातील चंदी आणि काटेरी फांदी यांतील भेद तो या मिशांनी जाणतो. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने १ जुलै २०२१ पासून अशा मिशा कापलेल्या घोड्यांस स्पर्धांत उतरण्यास मनाई केली आहे. वरातीच्या घोड्यास हा न्याय लावण्यास काहीच हरकत नसावी.

लग्नसराईत एकाच ठिकाणी अनेक गावांची जनावरे येतात आणि एकच खरारा, एकच झूल, एकच पाण्याची बादली सर्वांना फिरते. गजकर्णासारखे कातडीचे रोग यातून सहज पसरतात. ग्लँडर्स हा त्याहून भयंकर. नाकावाटे चिकट स्राव, कातडीवर फुटणाऱ्या गाठी व ताप ही त्याची चिन्हे असून तो माणसासही होतो. पशूंमधील सांसर्गिक रोगांच्या प्रतिबंधासंबंधीच्या २००९ च्या कायद्यानुसार अशा रोगाचा संशय येताच मालकाने गावच्या संबंधित अधिकाऱ्यास अथवा ग्रामपंचायतीस कळविणे बंधनकारक आहे. तेथून ती माहिती लेखी स्वरूपात जवळच्या पशुवैद्यकाकडे जावयाची असते. तोपर्यंत जनावर वेगळे बांधावे, आणि त्याचा खरारा, ब्रश व झूल दुसऱ्या जनावरास लावू नये.