सामंतची साक्ष
(द्वितीय वर्ष, कला)

बांधाच्या दाव्यापायी माझ्या वडिलांनी शिरूरच्या कोर्टात कित्येक तारखा केल्या. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’च्या नाट्यवाचनात मला सामंतची भूमिका मिळाली, तेव्हा मी मोठ्या हौसेने वडिलांना ऐकायला बोलावले.

विजय तेंडुलकरांचे हे नाटक ‘रंगायन’ने १९६७ साली रंगभूमीवर आणले. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचे. बेणारेबाई झाल्या सुलभा देशपांडे, त्या वेळी अवघ्या तिशीच्या. मुंबईची हौशी मंडळी एका गावी अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला येतात. त्यांचा एक नट आलेला नसतो, म्हणून गावातल्या सामंतला त्याच्या जागी उभे करायचे ठरते. पण सामंतला कोर्ट कसे चालते हेच ठाऊक नाही! त्याला ते कळावे म्हणून लुटुपुटीचा खटला सुरू होतो आणि आरोपी ठरते त्यांच्यातलीच लीला बेणारे. आरोप भ्रूणहत्येचा.

बेणारेच्या शेवटच्या स्वगताविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि ते रास्तच आहे. मला मात्र सामंत अधिक छळतो. साक्ष द्यायला सांगितल्यावर तो हातातल्या रहस्यकथेतला प्रसंग नावे बदलून सांगतो. मनात कपट नाही. पण ती बनावट साक्ष बेणारेच्या खऱ्या आयुष्यावर नेमकी बसते.

दुसऱ्याच्या जागी बसवलेला असाच एक माणूस मला दौंडला मामांकडे भेटला. मामांनी ‘द डिफेंडर’ हे जुने अमेरिकन टेलिव्हिजन नाटक दाखवले. १९५७ साली ते दोन भागांत थेट प्रक्षेपित झाले. पडद्यावरचे चित्र फिल्मवर टिपून ठेवल्यामुळे ते आजही पाहता येते. तरुण वकील विल्यम शॅटनर, वय २५. खुनाचा आरोपी स्टीव्ह मॅक्वीन, वय २६, तेव्हा फारसा कोणाला माहीत नसलेला. वकील आरोपीच्या जागी त्याच्यासारखाच दिसणारा तरुण बसवतो आणि साक्षीदार त्यालाच ओळखतो. चुकले तर पुन्हा घेण्याची सोय नव्हती. मॅक्वीनच्या चेहऱ्यावरची भीती आरोपीची की थेट प्रक्षेपणाची, हे मला सांगता येणार नाही. दोन्हींची असावी.

आमच्या वाचनात मी सामंतची साक्ष ऐटीत वाचली. लोक खूप हसले. वडील हसले नाहीत. एस.टी.त बराच वेळ गप्प बसून मग म्हणाले, “पुस्तकातलं वाचून कोर्टात सांगितलंस व्हय रं? अन् त्या बाईचं काय?”

मी म्हणालो, “शेवटी तो तिच्याजवळ हिरवा कापडी पोपट ठेवतो, आबा.”

“पोपट!” एवढेच म्हणून ते खिडकीबाहेर पाहू लागले.

पुढच्या वाचनाला मी ती साक्ष अडखळत, जरा हळू वाचली. हशा झालाच, पण मागच्या बाकांवरून. पुढची रांग गप्प होती.