गुप्तधनाच्या आख्यायिका आणि जमिनीची साक्ष

मराठवाड्यात जुनी गढी नाही असे गाव विरळा, आणि जिच्या पोटात धनाचे हंडे नाहीत अशी गढी त्याहून विरळा. कंधारचा किल्ला घ्या, औसा घ्या, उदगीर घ्या, नाही तर एखाद्या खेड्यातील देशमुखांचा ढासळलेला बुरूज घ्या. म्हातारी माणसे हमखास सांगतात की येथे सात रांजण पुरलेले आहेत, त्यांवर नाग राखण बसला आहे आणि अमावास्येच्या रात्री हंडे जमिनीखालून सरकताना वाजतात. लहानपणी आपण सर्वांनीच हे ऐकले आहे. अलीकडे या कथांना एक नवे पात्र मिळाले आहे, ते म्हणजे धातुशोधक यंत्र. पूर्वी मांत्रिक किंवा ‘पायाळू’ मनुष्य जे काम करी, ते आता यंत्र करील, असा अनेकांचा समज आहे. या आख्यायिका कधी खऱ्या ठरतात काय, हा प्रश्न इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला महत्त्वाचा वाटतो. त्याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

धन पुरले जात होते काय?

या प्रश्नाचे उत्तर निःसंशय ‘होय’ असे आहे. बँका नव्हत्या, चोरांचे व लुटारूंचे भय होते आणि फौजांची ये-जा चालू असे. आपला मुलूख तर यादव, बहमनी, बरीदशाही, मोगल, निजाम आणि मराठे या सर्वांच्या वाटेवर होता. १७६० साली उदगीरजवळ मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. अशा वेळी आसपासच्या गावांतील सावकाराने आपली शिल्लक कोठे ठेवावी? जमिनीत किंवा भिंतीत. १९४७-४८ च्या रझाकारी धामधुमीत घर सोडून जाताना परसात हाली शिक्क्याचे रुपये पुरल्याच्या आठवणी आपल्याकडील अनेक घरांतून आजही सांगितल्या जातात.

तेव्हा आख्यायिकेचा पाया काल्पनिक नाही. मात्र प्रत्येक आख्यायिकेत तीन विधाने एकत्र गुंफलेली असतात. पहिले, लोक धन पुरत असत. दुसरे, ते याच जागी पुरले. तिसरे, ते आजही तेथेच आहे. पहिले विधान खरे म्हणून उरलेली दोन खरी, असे मानणे हा तर्कदोष आहे. नेमक्या याच दोषावर गुप्तधनाचा सारा बाजार चालतो.

महाराष्ट्रातील खरे साठे

आता जमिनीतून प्रत्यक्ष काय निघाले ते पाहू. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे क्षत्रप राजा नहपान याच्या १३,००० हून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. नहपानाचा पराभव करून सातवाहनांनी दख्खन परत मिळविली, याचा इतका बोलका पुरावा दुसरा नाही. १९३९ साली त्या वेळच्या अकोला जिल्ह्यातील (आता वाशीम) तऱ्हाळा येथे सातवाहनांची सुमारे दीड हजार नाणी मिळाली. म. म. वा. वि. मिराशी यांनी त्यांचा अभ्यास केला, तेव्हा पुराणांतील वंशावळींत नसलेली कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी अशी राजनामे उजेडात आली. १९७४ साली दायमाबाद (जि. अहमदनगर, आता अहिल्यानगर) येथे एका भिल्ल शेतकऱ्यास झाडाचे मूळ खणताना रथ, हत्ती, गेंडा व म्हैस यांच्या भरीव धातुमूर्ती सापडल्या. चारही मूर्ती मिळून वजन ६० किलोहून अधिक आहे आणि अनेक अभ्यासक त्यांचा काळ उत्तर हडप्पा संस्कृतीचा मानतात.

या तिन्ही साठ्यांविषयी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. नहपानाचे वा कुंभ सातकर्णीचे नाव ज्या गावाच्या स्मृतीत उरलेच नव्हते, ते गाव त्याच्या धनाची कथा कशी सांगणार? कथेत येतात ते पांडव, नाही तर वाड्याचा कोणी देशमुख. जमिनीतून निघतो तो विस्मृतीत गेलेला राजा.

याचे कारण विचारान्ती सहज उमगते. धन पुरणारा परत आला तर तो ते काढून नेतो. जागा दुसऱ्या कोणास सांगून मेला तर तो दुसरा काढून नेतो. पुरणारा अकस्मात मरण पावला आणि त्याचे गुपित त्याच्याबरोबर गेले, तरच साठा शतकानुशतके जमिनीत राहतो. म्हणजे ज्या धनाची कथा उरली ते धन बहुधा उरलेले नसते, आणि जे धन उरले त्याची कथा कोणालाच ठाऊक नसते.

कथेची परीक्षा

कथेवर विसंबून शोध घेतल्याची दोन उदाहरणे आपल्या देशात प्रसिद्ध आहेत. आणीबाणीच्या काळात, १९७६ साली, जयपूरजवळील जयगड किल्ल्यात राजा मानसिंगाच्या खजिन्यासाठी सरकारने मोठी शोधमोहीम चालविली. कथेतला खजिना हाती लागला नाही. ऑक्टोबर २०१३ मध्ये उत्तर प्रदेशातील उन्नाव जिल्ह्यात, डौंडिया खेडा येथे, एका साधूला १,००० टन सोन्याचे स्वप्न पडले म्हणून पुरातत्त्व खात्याने उत्खनन सुरू केले. १८५७ च्या उठावात फाशी गेलेल्या राजा रामबक्षसिंहाचा हा खजिना, अशी समजूत होती. आधी भूगर्भ खात्याच्या पाहणीत जमिनीखाली काही असल्याची चिन्हे मिळाली होती. खणल्यावर खापरे, विटांची बांधकामे असे जुन्या वस्तीचे अवशेष निघाले. सोने निघाले नाही.

कथा खरी ठरल्याचे उदाहरण मुळीच नाही असे मात्र नाही. इंग्लंडमध्ये रिबल नदीच्या काठी उभे राहून नदीच्या वरच्या अंगाला पाहिले असता देशातील सर्वांत मोठा खजिना दृष्टीच्या टप्प्यात येतो, अशी आख्यायिका सांगतात. १८४० साली त्याच परिसरात, कुअरडेल येथे, ७,००० हून अधिक नाणी व पुष्कळशी चांदी असलेला व्हायकिंगांचा साठा खरोखरच मिळाला. पण तो मिळाला नदीकाठची दुरुस्ती करणाऱ्या मजुरांना; खजिना शोधणाऱ्यांना नव्हे!

यंत्राची मर्यादा

आता यंत्राकडे वळू. धातुशोधकाच्या तारेच्या वेटोळ्यातून बदलती वीज जाते, तिने जमिनीतील धातूत सूक्ष्म प्रवाह निर्माण होतात आणि त्यांची चाहूल यंत्र देते. सर्वसाधारण यंत्राला सुटे नाणे वीतभर, फार तर हातभर खोलीपर्यंत कळते. मोठा हंडा त्याहून थोडा खोल असला तरी कळू शकतो. आपल्या कथेतले हंडे मात्र सात पुरुष खोल असतात. शिवाय आपली काळी माती बेसाल्ट खडकापासून बनलेली आहे. त्यात लोहखनिजाचे कण असल्यामुळे यंत्र पुष्कळदा नुसत्या मातीलाच दाद देते. त्यातून वाचले तर बैलांच्या पत्र्या, मोडका फाळ, खिळे आणि बाटल्यांची बुचे आहेतच. यंत्र ‘धातू’ एवढेच सांगते, ‘धन’ हा अर्थ आपण लावतो.

यंत्राने मोठे साठे मिळाले आहेत, हे खरे. १९९२ साली इंग्लंडमधील हॉक्सन येथे एक गृहस्थ मित्राचा शेतात हरवलेला हातोडा यंत्राने शोधत होते; त्यांना रोमन काळातील सुमारे १५,००० नाणी सापडली. तेथेही कथेचा संबंध नव्हता. परंतु त्या गृहस्थांनी पुढे जे केले ते अधिक मोलाचे आहे. थोडे हाती लागताच त्यांनी खणणे थांबविले आणि अधिकाऱ्यांना कळविले. त्यामुळे वस्तू पेटीत कशा रचल्या होत्या, हेसुद्धा तज्ज्ञांना समजू शकले.

किंमत कोण देतो?

हा विषय केवळ मौजेचा नाही. आपल्या शेजारच्या परभणी जिल्ह्यातील मानवत येथे १९७२ ते १९७४ या काळात लहान मुली व स्त्रिया यांच्या हत्यांची मालिका घडली. गुप्तधन व अपत्यप्राप्ती यांसाठी हे बळी दिले गेले, असा अभियोग न्यायालयात चालला. हंडा मिळाला नाही. जीव मात्र गेले. महाराष्ट्रात २०१३ साली झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुप्तधनाच्या शोधासाठी करावयाच्या अघोरी कृत्यांना स्पष्टपणे गुन्हा ठरविले आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी या कायद्यासाठी अनेक वर्षे खस्ता खाल्ल्या आणि त्याच वर्षी त्यांची हत्या झाली, हे आपण विसरता कामा नये.

दुसरी हानी इतिहासाची होते. आमच्या भागातील एका पडक्या गढीत मी स्वतः खड्डे पाहिले आहेत. जोत्याचे दगड उपसून टाकलेले, भिंतीचा पाया उघडा पडलेला, आणि मातीबरोबर वर आलेली खापरे पायदळी तुडवलेली. खणणाऱ्याला ती कचरा वाटली. अभ्यासकाला त्या खापरांवरून गढीचा काळ सांगता आला असता. चुकूनमाकून नाणी मिळालीच, तर ती सोनाराच्या मुशीत जातात. जोगळटेंभीची नाणी अशी वितळली असती तर चांदी तेवढीच भरली असती, पण गौतमीपुत्राचा विजय आपण गमावला असता.

याच्या उलट उदाहरण जवळच आहे. धाराशिव जिल्ह्यातील तेर, म्हणजे ग्रीक-रोमन लेखकांचे ‘तगर’, येथील कै. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आपल्या गावात सापडणाऱ्या नाणी, मणी, मृण्मूर्ती अशा वस्तू आवडीने जमविल्या आणि जपल्या. त्यांच्या संग्रहातूनच तेरचे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले. तेथील हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाहावयास दूरदूरचे अभ्यासक येतात. त्या गावाला मिळालेले धन ते हेच.

तेव्हा माझ्या विद्यार्थिमित्रांना एवढेच सुचवावेसे वाटते. विहीर खणताना, पाया काढताना नाणी मिळाली तर ती घासूनपुसून चकचकीत करू नका, वाटून घेऊ नका; जागा व खोली लिहून ठेवा आणि तहसील अथवा जिल्हाधिकारी कार्यालयास कळवा. जुन्या वास्तूत यंत्र घेऊन खणणे तर टाळाच. संरक्षित स्मारकात तो गुन्हा आहे. आणि आख्यायिका? त्या अवश्य गोळा करा, सांगणाऱ्याच्या शब्दांत वहीत उतरवून घ्या. कोणत्या गावाला कशाचे भय होते, कोणती लूट त्याच्या स्मरणात राहिली, हे त्यांतून कळते. आख्यायिका हा गावाच्या मनाचा दस्तऐवज आहे; तो खजिन्याचा नकाशा मात्र नव्हे.