एकच नाव, आठ बॅरोनेट

भाची: मामा, या यादीत काहीतरी घोळ आहे. सर जमशेटजी जीजीभॉय 1859 साली वारले असं लिहिलंय. मग 1877 साली पुन्हा वारले, 1898 साली पुन्हा, 1908 सालीही. एक माणूस चारदा कसा मरेल?

मामा: घोळ नाही, पोरी. माणसं वेगळी, नाव एक. जे.जे. हॉस्पिटल आणि तू शिकतेस ते आर्ट स्कूल ज्यांच्या देणगीतून उभं राहिलं, ते पहिले. जन्म 1783 चा. लहानपणीच आईबाप गेले आणि ते मुंबईत मामाच्या बाटल्यांच्या धंद्यात लागले, म्हणून लोक त्यांना 'बाटलीवाला' म्हणत. पुढे चीनशी कापसाचा आणि अफूचा व्यापार केला. देणगीच्या पाटीवर अफूचं नाव कोणी कोरत नाही, पण तोही पैसा त्यात होता. 1842 साली ते 'सर' झाले, 1857 साली बॅरोनेट. दोन्ही मान मिळालेले पहिले भारतीय तेच.

भाची: 'सर' आणि बॅरोनेट एकच नाही का? दोघांच्या नावामागे 'सर'च लागतं ना?

मामा: लागतं, तरी फरक मोठा आहे. नुसता 'सर' माणसाबरोबर संपतो. रवींद्रनाथ टागोर 'सर' होते, त्यांचा मुलगा 'सर' झाला नाही. बॅरोनेटचा 'सर' मात्र वारसाला मिळतो. ही पदवी 1611 साली राजा पहिला जेम्स याने काढली. आयर्लंडमधल्या अल्स्टरला फौज ठेवायची होती आणि तिजोरीत खडखडाट. तेव्हा त्याने ठरवलं, तीस शिपायांचा तीन वर्षांचा पगार, म्हणजे 1,095 पौंड, तीन हप्त्यांत भरा आणि बॅरोनेट व्हा.

भाची: म्हणजे सरळ विक्री!

मामा: सरळ विक्री. जमशेटजींच्या काळापर्यंत तो दर उरला नव्हता. तेव्हा दानधर्म आणि राजनिष्ठा पाहत. त्यांच्या सनदेची तारीखच बघ, 6 ऑगस्ट 1857. इंग्रजी फौज दिल्लीला वेढा घालून बसली होती आणि इकडे मुंबईच्या एका पारशी शेठजींना वंशपरंपरेची पदवी मिळत होती. मला तरी हा निव्वळ योगायोग वाटत नाही.

भाची: मग ते लॉर्ड झाले का?

मामा: नाही. बॅरोनेटला हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये जागा नसते. नावामागे 'सर', बायकोला 'लेडी', बस.

भाची: पण सगळ्यांचं नाव एकच काऊन?

मामा: त्यासाठी इथे कायदा झाला, 1860 चा अधिनियम 20. पदवी ज्याच्याकडे येईल त्याने आपलं नाव सोडून 'जमशेटजी जीजीभॉय' हेच नाव लावायचं. थोरले 1859 मध्ये गेले. त्यांचा मुलगा कर्सेटजी दुसरा बॅरोनेट झाला आणि कागदोपत्री जमशेटजी झाला. तो 1877 मध्ये गेला. मग माणेकजी आले. ते 1898 मध्ये गेल्यावर पदवी मुलाकडे न जाता धाकट्या भावाकडे, कावसजींकडे गेली. तेही जमशेटजीच झाले! 1908 नंतर रुस्तमजी. नाव टाकलेली ही माणसं इतिहासात शोधायला किती त्रास देतात ते तू आताच पाहिलंस.

भाची: गंमतच आहे. पण पदवीचं पोट कशावर भरायचं? पैसा आटला तर?

मामा: तीच भीती सरकारला होती. कंगाल बॅरोनेट म्हणजे पदवीची बदनामी. म्हणून त्याच कायद्याने वर्षाला एक लाख रुपये व्याज येईल एवढे सरकारी रोखे आणि माझगाव कॅसल हा वाडा पदवीला बांधून टाकला. मी जन्मभर वारसांचे खटले चालवले. आपल्याकडे बाप गेला की तीन भाऊ तलाठ्याकडे जातात, फेरफार होतो आणि पंधरा एकराचे पाच-पाच एकर होतात. तिथे वाटणी मुळी नव्हतीच. सगळं एका पदवीधारकाच्या मागे, आणि त्यालाही फक्त हयातीपुरता उपभोग. विकता येत नव्हतं.

भाची: आणि मुलगा नसला तर? दत्तक?

मामा: दत्तक चालत नाही. औरस पुरुष वंशज हवा, त्या शाखेत नसेल तर दुसऱ्या शाखेतला. हा मुद्दा आपल्या वर्ध्याच्या भागाला चांगलाच झोंबलेला आहे. तेव्हा वर्धा जिल्हा नव्हता, तो 1862 साली नागपूरमधून वेगळा काढला. हा सगळा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा. तिसरे रघूजी 1853 च्या डिसेंबरात निपुत्रिक वारले. डलहौसीने दत्तकाला मान्यता दिली नाही आणि 1854 मध्ये राज्य खालसा केलं. पुढे त्याच घराण्यात दत्तक घेतलेल्या जानोजींना त्याच इंग्रजांनी 'देऊरचे राजे बहादूर' म्हटलं. देऊर आहे साताऱ्याकडे. राज्याला दत्तक नको, बिनराज्याच्या पदवीला चालतो!

भाची: आपल्या वर्ध्यात मात्र दत्तकानेच घराणी चालली ना? बजाज?

मामा: अगदी. जमनालालजी 1889 चे, सीकरकडचे. वर्ध्याच्या बच्छराज शेठजींनी त्यांना नातू म्हणून दत्तक घेतलं. पेढी, घर, नाव, सगळं त्यांच्याकडे आलं. इंग्रजांनी त्यांना 'रायबहादूर' केलं. ती पदवी व्यक्तीपुरती, वारसाला जाणारी नव्हतीच. पण तीही त्यांनी ठेवली नाही. असहकाराच्या चळवळीत परत केली.

भाची: जमशेटजींची अजून आहे?

मामा: आहे. सातवे 2006 मध्ये वारले, आता आठवे आहेत. आपल्या राज्यघटनेच्या कलम 18 प्रमाणे सरकार असे किताब देत नाही आणि नागरिकाने परक्या राज्याकडून किताब स्वीकारायचाही नाही. वारशाने आलेल्या पदवीला 'स्वीकारणं' म्हणायचं का, यावर वकील भांडू शकतात. व्यवहारात इथे तिला वजन नाही. इंग्लंडमध्ये 1910 पासून बॅरोनेटांची अधिकृत नोंदवही आहे. वारसा सिद्ध करून तीत नाव चढवावं लागतं.

भाची: म्हणजे तिकडचा फेरफार! आणि मुलगी? मुलगी वारस होते का?

मामा: नाही. जीनांची बायको रत्ती ही दुसरे बॅरोनेट सर दिनशा पेटिट यांची लेक. ती जीनांबरोबर गेली नसती, घरीच राहिली असती, तरी पदवी तिला मिळाली नसती. आपल्याकडे एकत्र हिंदू कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्मतः हक्क महाराष्ट्राने 1994 मध्ये दिला आणि देशाने 2005 मध्ये. आमच्या शेताच्या सातबाऱ्यावर तुझ्या आईचं नाव माझ्या शेजारी आहे. जीजीभॉयांच्या पदवीचा नियम मात्र अजून 1857 चाच आहे.