झेवियर हे आडनाव नव्हे, गावाचे नाव

जुन्या गोव्याच्या बॉम जेझस बॅसिलिकात आपण कितीदा तरी गेलो असू. चांदीच्या पेटीसमोर गुडघे टेकून नवस बोललो, फेडलेही. परंतु ज्या संताला आपण 'गोंयचो सायब' म्हणतो, त्याचे घर कुठले, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

स्पेनच्या उत्तरेला नवारा प्रांत आहे. तेथे आरागॉनच्या सीमेला लागून, सांग्वेसा शहराजवळ हावियेर नावाचे एक लहानसे गाव आहे. स्पॅनिश लोक हावियेर म्हणतात, आपण झेवियर म्हणतो. हे नाव मूळ बास्क भाषेतले. त्याचा अर्थ 'नवे घर'. आपल्या वसईतले नवघर आठवले ना? गाव कसले, एक किल्ला आणि त्याच्या सावलीतली थोडकी वस्ती. याच किल्ल्यात ७ एप्रिल १५०६ रोजी फ्रान्सिसचा जन्म झाला. पाच भावंडांत तो शेंडेफळ. वडील हुआन दे हासो नवाराच्या राजाचे मोठे मंत्री होते. किल्ला मात्र आई मारिया दे आस्पिलकुएता हिच्या माहेरचा.

त्या काळी नवारा हे स्वतंत्र राज्य होते. १५१२ साली आरागॉनच्या फर्नांडो राजाने ते जिंकून घेतले आणि या घराचे दिवस फिरले. १५१५ मध्ये वडील वारले. पुढच्याच वर्षी कार्डिनल सिस्नेरोस यांच्या हुकुमाने किल्ल्याचे बुरूज उतरवण्यात आले, तटबंदी पाडली, खंदक बुजवले. हुकूम देणारा परका विधर्मी नव्हता, आपल्याच चर्चचा कार्डिनल होता, हे लपवण्यात अर्थ नाही. दहा वर्षांच्या मुलाने आपले घर पाडले जाताना पाहिले. विधवा आईने मोडक्या घरात राहून कोर्टकचेऱ्या करत संसार रेटला.

१५२१ मध्ये पुन्हा युद्ध पेटले. फ्रान्सिसचे दोन्ही भाऊ, मिगेल आणि हुआन, नवाराच्या बाजूने लढले. त्याच युद्धात पाम्प्लोनाचा गड कास्तीलसाठी लढवताना तोफेच्या गोळ्याने एका सरदाराचा पाय मोडला. तो सरदार म्हणजे लोयोलाचा इग्नेशियस! पुढे १५२९ साली पॅरिसच्या सेंत बार्ब कॉलेजात हे दोघे एकाच खोलीत राहू लागले. इग्नेशियसपासून फ्रान्सिस सुरुवातीला फटकून वागत असे, असे चरित्रकार सांगतात. आम्हाला त्यात नवल वाटत नाही. ज्या पक्षाने घर पाडले, त्या पक्षाचा माणूस रोज समोर बसतो आहे! तरीही १५ ऑगस्ट १५३४ रोजी मोंमार्त्र टेकडीवर दोघांनी सोबत्यांसह एकत्र व्रत घेतले.

फ्रान्सिसने १५२५ मध्ये घर सोडले. ६ मे १५४२ रोजी तो गोव्यास उतरला. पुढे वसईलाही येऊन गेला. ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर त्याने देह ठेवला.

किल्ला आज पुन्हा उभा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्हिलाएर्मोसाच्या डचेसने त्याची दुरुस्ती करवली व शेजारी बॅसिलिका बांधवली. पण त्या दगडांपेक्षा आम्हाला मोलाचे वाटते ते आतले लहानसे चॅपेल. तेथे अक्रोडाच्या लाकडाचा एक जुना क्रूस आहे. त्यावरचा ख्रिस्त चक्क हसतो आहे, आणि सभोवतालच्या भिंतींवर नाचणारे सांगाडे रंगवलेले आहेत. मृत्यूचा नाच चालू असताना मंद हसणारा प्रभू! छोटा फ्रान्सिस या क्रूसापुढे आईबरोबर प्रार्थना करीत असणार.

१८८५ च्या पटकीच्या साथीतून वाचल्याबद्दल पुढच्या वर्षी नवाराचे लोक येथे आभार मानायला आले. आजही दर मार्चमध्ये हजारो माणसे हावियेरला पायी येतात; काही जण थेट पाम्प्लोनाहून, पन्नासएक किलोमीटर चालत. तरुणांचा भरणा मोठा असतो. त्यांना तेथे पेटी नाही, देह नाही. तो आपल्याकडे आहे. ३ डिसेंबरला गोव्यात फेस्त असते, त्याच दिवशी तिकडे नवारा प्रांत आपला प्रांतदिन पाळतो.