ऐकणाऱ्याचे लक्ष कोणत्या आवाजाकडे?

लग्नघरातील गजबजाटात आजोबा श्रवणयंत्र काढून ठेवतात. घरच्यांना ते विचित्र वाटते. परंतु साधे यंत्र सर्वच आवाज मोठे करते. त्यांतून हवा तो आवाज निवडण्याचे काम मेंदूचे आहे.

१९५३ साली कॉलिन चेरी यांनी श्रोत्यांच्या दोन कानांत दोन निरनिराळी भाषणे ऐकविली. एकाकडे लक्ष देणाऱ्यांना दुसऱ्यातील मजकूर जवळजवळ सांगता आला नाही. त्याची भाषा बदललेलीही त्यांच्या ध्यानी आली नाही.

२०१२ साली निमा मेसगरानी व एडवर्ड चँग यांनी अपस्माराच्या उपचारासाठी मेंदूवर विद्युत्-अग्रे बसविलेल्या रुग्णांना दोन आवाज एकत्र ऐकविले. मेंदूतील नोंदींवरून संगणकाने ध्वनीची आकृती पुन्हा रचली, तेव्हा ती लक्ष दिलेल्या आवाजाशी जुळली. पुढे डोक्याच्या त्वचेवरील नोंदींतूनही हे साधले. आवाजाच्या चढउताराबरोबर मेंदूतील विद्युत्-लहरीही चढतात-उतरतात. कोणत्या आवाजाशी त्या अधिक जुळतात, हे संगणक पाहतो. मात्र खात्रीच्या निर्णयाला सुमारे मिनिटभराची नोंद लागे आणि संभाषण तेवढे थांबत नाही.

हे तंत्र मनातील विचार वाचत नाही. दोन आवाजांपैकी श्रोत्याने कोणता निवडला, एवढेच ओळखते. त्यावर चालणारे श्रवणयंत्र घराघरांत पोहोचेपर्यंत आपण एक करू शकतो: आजोबांसमोर बसावे आणि एका वेळी एकानेच बोलावे.