आग लावून रान राखणारे लोक

आग रानाचा नाश करते, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेस आर्नेम लँड नांवाच्या प्रदेशांतील आदिवासी आगीनेंच रान राखतात. तें कसें, हें आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

त्या प्रदेशाच्या पश्चिमेस एक विस्तीर्ण खडकाळ पठार आहे. पावसाळ्यांत तेथें गवत पुरुषभर वाढतें व पुढें वाळतें. एप्रिलपासून जुलैपर्यंत गवतांत थोडी ओल असते व रात्रीं दंव पडतें. त्या वेळीं लावलेली आग ठेंगणी राहते व बहुधा रात्रीं आपोआप विझते. असे पट्टे जाळून ठेविले, म्हणजे पुढें उष्ण वारे सुटून वणवा पेटला, तरी तो त्या पट्ट्यांपाशीं अडतो. अन्बिनिक नांवाचे प्रचंड वृक्ष केवळ त्याच भागांत आढळतात. त्यांना वणवा सोसत नाहीं. ते या राखणीनेंच वांचत आले.

विसाव्या शतकांत पठारावरील लोक खाणींकडे, म्हशींच्या शिकारीच्या तळांवर व मिशनांच्या वसाहतींत गेले. आपण मिशनच्याच शाळेंत शिकतों, म्हणून ही गोष्ट झांकून ठेवणें आपणांस शोभणार नाहीं. वसाहतींत मुलांस अक्षरज्ञान मिळालें. परंतु पठार ओस पडलें. पट्टे जाळणारे हात राहिले नाहींत, आणि ऋतूच्या अखेरीस अनावर वणवे पेटूं लागले.

तेव्हां लॉफ्टी बर्डायाल नाजामेरेक या वयोवृद्ध चित्रकारानें आपल्या लोकांस परत पठारावर नेण्याचा ध्यास घेतला. २००२ सालीं कबुलवार्नाम्यो येथें वस्ती झाली. शास्त्रज्ञ त्यांच्यापाशीं शिकावयास आले. त्यांनीं उपग्रहांचे नकाशे आणिले, वृद्धांनीं वारा, दंव व गवत यांची पारख दिली. २००६ सालीं आदिवासी, तेथील प्रांतिक सरकार व डार्विन येथील वायूचा कारखाना यांच्यांत १७ वर्षांचा करार झाला. कारखान्यापासून हवेंत जी घाण जाते, तिची कांहीं भरपाई वणवे कमी करून व्हावी, म्हणून कारखान्यानें दरसाल सुमारें १० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर देण्याचें ठरलें. सुमारें २८,००० चौरस किलोमीटर भूमि या कामाखालीं आली. २००९ सालीं, नाजामेरेक निवर्तले त्याच वर्षीं, त्यांच्या पठाराचा सुमारें १४,००० चौरस किलोमीटर भाग आदिवासींनींच सांभाळावयाचें संरक्षित क्षेत्र म्हणून जाहीर झाला.

यावरून आपल्या डोंगरांस आग लावावी, असें मात्र कोणीं समजूं नये. एका भूमीचें औषध दुसरीस विष होतें. घेण्याजोगा धडा निराळाच आहे. ज्यांस लोक अडाणी म्हणत, त्यांच्या पायांशीं विद्वान् बसले, तेव्हांच रान वांचूं लागलें. आपल्या घरींही कोणी आजोबा असतील, ज्यांस विहिरींचे झरे व बांधावरील झाडें ठाऊक आहेत. पालकहो, या सुटींत मुलांस त्यांच्यापाशीं बसवा. पुस्तक हरवलें तर दुसरें मिळतें. तें ज्ञान एकदां गेलें, म्हणजे परत येत नाहीं.